निर्वासित कोणत्या रकान्यात बसतात?

समाजशास्त्रात एम.ए. करताना संयुक्त राष्ट्रांची १७ शाश्वत विकास ध्येये आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. सामाजिक संस्थेत कामाला लागले तेव्हा तीच ध्येये निधीच्या अर्जात पुन्हा भेटली. तुमचा उपक्रम कितव्या ध्येयात बसतो, लाभार्थी कोणत्या गटातले, आकडा भरा. जो माणूस कोणत्याच रकान्यात बसत नाही, त्याच्यासाठी पैसा येत नाही, हे या कामात फार लवकर कळते.

म्हणून मी जाहीरनाम्याआधी रकाने वाचते. सप्टेंबर २०१५ मध्ये जगातल्या सगळ्या सरकारांनी 'कुणालाही मागे ठेवणार नाही' असे वचन दिले. त्या ठरावाच्या प्रास्ताविक भागात निर्वासितांचा उल्लेख आहे. पण पुढची १७ ध्येये आणि १६९ लक्ष्ये वाचत जा, 'निर्वासित' हा शब्द एकदाही येत नाही. स्थलांतर सुरक्षित आणि सुव्यवस्थित असावे, एवढे दहाव्या ध्येयात म्हटले आहे. जणू जीव घेऊन पळणारा माणूस सुव्यवस्थित पळतो! २०२० मध्ये एक निर्देशक वाढवला गेला: एखाद्या देशाच्या लोकसंख्येच्या तुलनेत तिथून निर्वासित झालेले किती. म्हणजे पळाले किती हे मोजायचे. जिथे पोहोचले तिथे त्यांच्या पोरांना शाळा मिळाली का, बाईला बाळंतपणाला दवाखाना मिळाला का, हे मोजणे त्या त्या देशाच्या मर्जीवर. २०२४ च्या अखेरीस जगात बळजबरीने विस्थापित झालेल्यांची संख्या १२ कोटींच्या वर होती. एवढी माणसे मर्जीवर सोडलेली आहेत.

आपल्याला हे दुखणे अनोळखी नाही. आकडेवारी कशाकशानुसार वेगळी काढावी याची यादी १७.१८ या लक्ष्यात दिली आहे: उत्पन्न, लिंग, वय, वंश, वांशिक गट, स्थलांतराची स्थिती, अपंगत्व, भौगोलिक स्थान. जात नाही. २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा विषय येऊ नये म्हणून भारत सरकारने किती जोर लावला, ते आपल्या चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. ज्याचे नाव यादीत येत नाही त्याचा प्रश्न 'अंतर्गत बाब' ठरतो. निर्वासित तर कुणाचीच अंतर्गत बाब नसतो.

माझा या विषयाशी संबंध आला तो चकमा विद्यार्थ्यांमुळे. नागपुरात शिकायला आलेली ही मुले दीक्षाभूमीवर भेटत. आपल्या लोकांना त्यांचे कौतुक, 'ईशान्येकडचे आपले बौद्ध बांधव' म्हणून. पण ते अरुणाचलात कसे पोहोचले, हे विचारणारे थोडे. चितगाव डोंगरी प्रदेशात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले. १९६२ च्या सुमारास पाणी भरले आणि त्या डोंगरी भागातली सुमारे ४० टक्के लागवडीची जमीन बुडाली. जवळजवळ एक लाख माणसे उठली, त्यांत बहुसंख्य चकमा. ते धरण विजेसाठी होते. आजच्या भाषेत ती स्वच्छ ऊर्जा, सातव्या ध्येयात तिला गुणच मिळतील. विकास निर्वासितांना सामावून घेईल का, ही चर्चा मला म्हणूनच अर्धी वाटते. यांना निर्वासित करणाऱ्यांत विकासच पहिला होता.

१९६४ पासून त्यांतल्या हजारो चकमांना आणि त्यांच्यासोबत हाजोंगांना भारत सरकारने तेव्हाच्या नेफात वसवले. मग सरकार विसरले. त्यांना हाकलून देण्याच्या धमक्या सुरू झाल्या तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की राज्याने प्रत्येक चकमाच्या जीविताचे रक्षण केले पाहिजे, कारण अनुच्छेद २१ केवळ नागरिकाचे नाही, व्यक्तीचे रक्षण करतो. बाबासाहेबांच्या संविधानात 'नागरिक' आणि 'व्यक्ती' हे दोन शब्द कुठे कुठे वापरलेत, ते एकदा शांतपणे पाहा. २०१५ मध्ये, शाश्वत विकासाचा ठराव झाला त्याच सप्टेंबरात, न्यायालयाने त्यांच्या नागरिकत्वाचे काम तीन महिन्यांत उरकायला सांगितले. ते उरकलेले नाही.

अरुणाचलातल्या आदिवासींची भीती मी खोटी म्हणणार नाही. जमीन हाच त्यांचा आधार, आणि दिल्लीने त्यांना न विचारता माणसे आणून वसवली. पण दोन दुबळ्यांना एकमेकांसमोर उभे करून दिल्ली बाजूला सरकते, हा डाव आपण ओळखला पाहिजे. युगांडाकडे बघा. गरीब देश, १५ लाखांहून अधिक निर्वासित. २००६ च्या कायद्याने तिथे निर्वासिताला काम करण्याचा आणि फिरण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय विकास आराखड्यात निर्वासित धरले, आणि २०१८ च्या शिक्षण आराखड्यात त्यांच्यासोबत यजमान वस्त्यांतली मुलेही धरली. पैसा अपुरा पडतो, शिधा कापला जातो, हेही खरे. पण शाळा आली तर दोघांची येते, त्यामुळे शेजाऱ्याला निर्वासित ओझे वाटण्याचे कारण कमी होते.

आता अवघड भाग. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचे नाव आहे, मग आपण का बोलावे, असे आपल्यातलेच काही विचारतात. मला त्या यादीत नाव असण्याचा आनंद नाही. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. त्यांच्याविरुद्ध द्वेष पेरणाऱ्यांत चीवर घातलेले भिक्खूही होते. कॉक्स बाजारच्या छावण्यांत त्यांना रीतसर रोजगाराची परवानगी नाही, मुलांना बांगलादेशी शाळेत प्रवेश नाही. चकमांसाठी व्यक्तीचा हक्क मागायचा आणि रोहिंग्यांसाठी धर्म विचारायचा, तर मग अनुच्छेद २१ चे नाव आपण कोणत्या तोंडाने घेणार? भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, स्वतःचा निर्वासित कायदाही केलेला नाही. त्यामुळे कोण निर्वासित आणि कोण घुसखोर, हे सत्तेतला माणूस ठरवतो. आपली मागणी धर्म न विचारणाऱ्या कायद्याची असली पाहिजे.

आणि चकमांपैकी बहुतेक आज निर्वासित आहेतच कुठे? २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे, असे नागरिकत्व कायद्याचे कलम ३ सांगते. त्यानंतर जन्मलेल्यांपैकी कित्येकांचे आईवडील त्याच कलमाने नागरिक ठरतात. मला भेटलेल्या एका मुलीची आई १९७० च्या दशकात चांगलांग जिल्ह्यात जन्मली. २०३० पर्यंत सर्वांना कायदेशीर ओळख, असे लक्ष्य १६.९ म्हणते. तिच्याकडे होता तो रहिवासी दाखला. २०२२ मध्ये राज्य सरकारने चकमा-हाजोंगांना तोही देणे थांबवले.