वीस सेकंदांची चाल

गाण्यालाही मालक असतो, ही गोष्ट आमच्या बेळगावच्या बाजारपेठेत अजून कुणाला मनापासून पटलेली नाही. शेताला मालक असतो, गाळ्याला असतो, गाळ्यासमोरच्या फुटपाथलासुद्धा असतो. पण गाणं म्हणजे वारा! तो काय कुणाच्या बापाचा? रेडिओवरच्या जाहिराती तयार करून देण्याचा धंदा मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातला निम्मा वेळ चाली शोधण्यात जातो आणि उरलेला निम्मा हे समजावण्यात.

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १९६७ साली. आमच्या भागात सांगली लागते, धारवाड लागतं, आणि हवा बरी असली तर पणजीही. त्यामुळे इथला दुकानदार जाहिरात मागतो ती दोन भाषांत, आणि संगीत मागतो ते एकच. म्हणजे खर्च एकदाच.

मागं एक कापड दुकानदार आले. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, हिशेबाच्या वहीत दोन्ही. त्यांनी सगळं आधीच ठरवून आणलं होतं. "मास्तर, झिंगाट घ्या. मराठीत आहेच, कन्नडमध्येही तीच चाल आहे. शब्द तेवढे आपल्या दुकानाचे घाला." माणूस हुशार खरा. २०१६ चा 'सैराट' २०१७ मध्ये कन्नडात 'मनसु मल्लिगे' होऊन आला, संगीत अजय-अतुल यांचंच. सीमाभागासाठी इतकं सोयीचं गाणं दुसरं सापडणार नाही.

मी म्हणालो, "शेठ, परवानगी लागेल."

"कशाला? रेडिओवाले रोज वाजवतात की. ते पैसे भरतात ना?"

भरतात. पण ते गाणं गाणं म्हणून ऐकवण्याचे. तेच गाणं तुमच्या साडीला नेसवायचं तर तो व्यवहार निराळा. आणि तिथं मालक एक नसतो. चाल आणि शब्द यांचा हक्क एक, ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसरा. मूळ तबकडी वापरली तर दोघांची संमती हवी. दुसऱ्याकडून गाऊन घेतलं तर तबकडीवाला सुटतो, चालीचा धनी सुटत नाही. शब्द बदलले तर कवीला विचारावं लागतं. आपल्या रचनेची मोडतोड झाल्याची तक्रार करण्याचा अधिकार त्यानं हक्क विकल्यावरही त्याच्याकडे राहतो. शेठ शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मग फुकट काय आहे ते सांगा."

प्रश्न रोखठोक होता आणि मला तो आवडला. फुकट पुष्कळ आहे. रचनाकार गेल्यावर साठ वर्षांनी त्याची रचना सगळ्यांची होते. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. १९९१ साली रवींद्रनाथांच्या साहित्याची पन्नास वर्षं भरत आली, तेव्हा सरकारनं ती दहा वर्षांनी वाढवली, आणि ठाकुरांच्या पुण्याईनं सगळ्यांनाच दहा वर्षं मिळाली. टायटन घड्याळाची ती प्रसिद्ध धून मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतली. मोझार्ट १७९१ मध्ये गेला, त्याला विचारायला जायचं कारण नाही. मात्र कुठल्या तरी वाद्यवृंदाची अलीकडची ध्वनिफीत लावली तर त्या ध्वनिफितीचे पैसे मोजावे लागतात. चाल मेलेल्याची, पण वाजवणारे जिवंत!

आपल्याकडे ही गुंतागुंत आणखी गंमतीची होते. 'घनश्याम सुंदरा' ही होनाजीची, म्हणजे पेशवाईतली. शब्द मोकळे. पण आपल्या कानात बसली आहे ती १९५१ च्या 'अमर भूपाळी'तली वसंत देसाईंची चाल. देसाई १९७५ मध्ये गेले. म्हणजे २०३५ सरेपर्यंत थांबा. उलट 'मानापमान' घ्या. शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली. दोन्ही मोकळं झालं आहे.

मी शेठना 'शाकुंतला'कडे वळवलं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या नाटकांत कानडी चालींवर बांधलेली पदं आहेत. मराठी रंगभूमीनं कन्नड घरातून उचललेल्या चाली, कसलाही करार न करता! आज असं केलं असतं तर अण्णासाहेबांना वकील लावावा लागला असता. शेठना मात्र ही गोष्ट भलतीच आवडली. "म्हणजे चाल आमची, नाटक तुमचं," ते हसून म्हणाले.

चाल सापडली तरी शब्द बसवणं हे दुसरं दुखणं. मराठी शब्द व्यंजनावर पटकन थांबतो, कन्नड स्वरावर टेकतो. 'सण' एका ठोक्यात संपतो, 'हब्ब'ला दोन लागतात. 'दिवाळी आली'ची पाच अक्षरं, 'दीपावळि बंतु'ची सहा. ते एक अक्षर कुठं ठेवायचं यावर तबलजीचं आणि माझं अर्धा दिवस भांडण होतं. शिवाय ऐकणारा असतो स्वयंपाकघरात, फोडणीच्या आवाजात, किंवा रिक्षात. तिथं खर्जातलं काही पोचत नाही. बासरी गोड, पण निवेदिकेच्या आवाजावरच चढून बसते. सनई आणि हार्मोनियम तेवढी गर्दीतून वाट काढतात.

शेठना शेवटी नाटकही नको झालं. "आपल्या बायकांचं काहीतरी हवं," म्हणाले. एका खेड्यातल्या आज्जींच्या जात्यावरच्या ओव्या मी ऐकल्या होत्या. एक ओळ मराठी, एक कन्नड, मध्ये सांधा दिसत नाही. ओवीला कवी नाही, संगीतकार नाही. कायद्याच्या दृष्टीनं ती मोकळी. पण गाणाऱ्या गळ्याला १९९४ च्या दुरुस्तीनं स्वतःचा हक्क दिला आहे. म्हणून मी मराठीत कागद करून नेला, मोबदल्याचा आकडा घालून, आणि तो त्यांना वाचून दाखवला. आज्जींनी आकड्याबद्दल एक शब्द काढला नाही. विचारलं, "दुकान कुणाचं? माणसं बरी हाईत न्हवं?" मग त्या चार ओव्या गायल्या. चौथी संपल्यावर म्हणाल्या, "ही घेऊ नकोस बाळा. ही माझ्या भावाची हाय."

भाऊ कधीचा गेला होता. ओवीत त्याचं नाव होतं, आणि चौघींत तीच सर्वांत सुरेल.

शेठना मी चारही ऐकवल्या. कुठली घ्यायची नाही हेही सांगितलं. त्यांचं बोट नेमकं चौथीवर. "नाव काढू. दुसऱ्या बाईकडून गाऊन घेऊ. ओवीला मालक नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना?" सांगितलं होतं, आणि ते बरोबरही होतं. कायद्यात या नकाराला कुठलंही कलम नाही. मी म्हणालो, "शेठ, मग जाहिरात दुसऱ्याकडून करून घ्या." ते चिडले, दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आईंचाच फोन आला, कन्नडमध्ये. मुलानं घरी हकिकत सांगितली होती. "भावाची ओवी विकायची नसते एवढं याला कळत नाही का," असं काहीसं त्या बोलल्या, आणि फोन मुलाकडे दिला.

पहिली ओवी घेतली. ती जरा आखूड निघाली, चौदा सेकंदांत संपली. उरलेल्या सहा सेकंदांत दुकानाचा पत्ता आहे, त्याखाली नुसती हार्मोनियम.