सहा डॉलरची बांगडी

परवा कपाट आवरताना शिंपल्यांची एक बांगडी हाताला लागली आणि महाहुआल आठवलं. मेक्सिकोतलं, कॅरिबियन समुद्रावरचं गाव. २०१८ च्या जूनमध्ये लेकीने हट्टाने मला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून क्रूझवर नेलं होतं. तिथे जहाज थांबलं जेमतेम आठ तास!

धक्का समुद्रात लांबवर गेलेला. उतरल्यावर समोर दुकानं, पोहायचा तलाव, बार... हे 'कोस्टा माया' बंदर २००१ साली सुरू झालं, खास क्रूझसाठी. बरेच जण तिथूनच परत फिरले. खरं गाव दोन-तीन किलोमीटरवर. आम्ही टॅक्सीने गेलो.

पूर्वी ही कोळ्यांची वस्ती. दूरवर प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटतात, म्हणून किनाऱ्याजवळ पाणी अगदी संथ. ही भिंत थेट होंडुरासपर्यंत जाते. २०१० च्या जनगणनेत गावात हजार माणसंही नव्हती आणि एकेका जहाजातून तीन-चार हजार उतरतात. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला अख्खा तालुका लोटावा, तसं.

एका बाईकडे ही बांगडी पाहिली. दहा डॉलर म्हणाली, मी सहावर आणली. चाळीस वर्षं मंडईत घासाघीस केलेली बाई मी, सवय जाते थोडीच? नात शाळेत स्पॅनिश शिकते, तीच दुभाषी. बाईच्या टेबलावर एक कागद चिकटवलेला होता. मला वाटलं, शाळेचं वेळापत्रक. तर त्या महिन्यात कुठल्या दिवशी कोणतं जहाज, ते लिहिलेलं. काही चौकोन रिकामे. "त्या दिवशी?" मी विचारलं. तिने नुसते हात पालथे केले.

२००७ च्या ऑगस्टमध्ये 'डीन' वादळाने धक्का मोडला, तेव्हा ती चेतुमालला नातेवाइकांकडे गेली होती. २००८ मध्ये जहाजं परत येऊ लागली, तशी तीही आली.

संध्याकाळी आमचे दोर सुटायच्या आधीच बंदरातली दुकानं बंद व्हायला लागली होती. डेकवर उभी राहून पाहिलं मी.

मग २०२० चा मार्च आला. जगभरच्या क्रूझ थांबल्या. इथे घरात बसून बातम्या बघताना मला तो कागद दिसायचा, सगळे चौकोन रिकामे असलेला. वर्षभराहून जास्त काळ. आणि मी वाचवलेले ते चार डॉलर!

नातीला फोनवर सांगितलं, तर म्हणते, "आजी, तू अजून तेच घेऊन बसलीस?"

असो. बांगडी मनगटाला जरा सैलच होते.