फादर स्टीफन्सचे वडील

‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स मराठी वाचकाला माहीत आहेत. त्यांच्या वडिलांचं नावही थॉमस स्टीफन्सच, आणि ते लंडनचे व्यापारी. मुलाबद्दल वाचता वाचता मी या थोरल्या थॉमसच्या मागे लागलो.

पहिला धागा मिळाला तो गोव्यातून. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन सोडून 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरलेल्या मुलाने 10 नोव्हेंबरला वडिलांना पत्र लिहिलं. रिचर्ड हॅक्लूट यांनी 1589 साली ते आपल्या प्रवाससंग्रहात छापलं. मदेराजवळ एका इंग्लिश जहाजाने पोर्तुगीज जहाजावर तोफा डागल्या, दीडशेहून अधिक लोक आजारी पडले, सत्तावीस दगावले, असं बरंच काही त्यात आहे. कूळ शोधणाऱ्याचा डोळा मात्र मायन्यावर थबकतो. मुलगा वडिलांचे आशीर्वाद मागतो आणि आईलाही नमस्कार कळवतो. घरी आई-वडील दोघं आहेत, हे धरूनच तो लिहितो आहे. इटलीहून पोर्तुगालला निघताना पाठवलेली पत्रं पोचली असतील, असंही म्हणतो. म्हणजे पत्रव्यवहार चालू होता.

पण हॅक्लूटकडे आडनाव ‘स्टीव्हन्स’ असं आहे, आणि जेझुइटांच्या लेखनात फादर कधी ‘एस्तेव्हाँव’, तर कधी ‘बुस्तेन’ होतात. हा ‘बुस्तेन’ आला विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या गावावरून. फादरांचा जन्म तिथला, 1549च्या सुमाराचा. लंडनच्या गर्दीतून शोध असा एका खेड्यापर्यंत येतो.

पुढची वाट दप्तरांची. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम थॉमस क्रॉमवेलने 1538 साली काढला, पण सुरुवातीच्या कित्येक वह्या टिकल्या नाहीत. 1666च्या आगीत लंडनची 87 पॅरिश चर्चेस जळाली. त्यामुळे व्यापाऱ्याच्या बाबतीत दोनच दप्तरांवर मोठी भिस्त असते. एक, कँटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयात नोंदलेली मृत्युपत्रं, जी आता क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दुसरं, लंडनच्या व्यापारी संघांच्या उमेदवारांच्या वह्या. त्यांत मुलाबरोबर बापाचं नाव, गाव आणि धंदाही सापडतो. तारखा वाचताना सावध राहावं लागतं, कारण 1752पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. फेब्रुवारी 1582 असं लिहिलेला कागद आपल्या हिशेबाने 1583चा.

या घराची पांगापांग धर्मामुळे झाली. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणं जिवावर बेतू शकत होतं. धाकट्या थॉमसबरोबर रोमला जायला निघालेला मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षं त्याने तुरुंगांत काढली. थॉमस निसटला. भाऊ रिचर्ड पॅरिसला होता. 1583 साली थॉमसने त्याला गोव्याहून लॅटिनमध्ये पत्र लिहिलं, तेही उपलब्ध आहे.

त्याच वर्षी जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे लंडनचे व्यापारी होर्मुझला पकडले गेले आणि गोव्याच्या तुरुंगात आले. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत हा लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगाही होता.

असा शोध कुणाला घ्यायचा असेल, तर आधी हॅक्लूटमधलं पत्र वाचावं आणि मगच मृत्युपत्रांच्या सूचीत शिरावं. स्टीफन्स आडनावाची इंग्लंडमध्ये वाण नाही. बुश्टनचा धागा हाती नसेल, तर भलत्याच घराण्याची वंशावळ गळ्यात पडेल.