सीमाची सही घेण्याआधी

चि. अमोल,



वारस नोंदीचे कागद करतानाच सीमाचं आणि ताईचं, म्हणजे तुझ्या बहिणीचं आणि आईचं, हक्कसोडपत्रही करून टाकावं, असं तू लिहिलं आहेस. तुझ्या मनात वाईट काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण ही दोन कामं एकाच फेरीत उरकण्याजोगी नाहीत. वारस नोंद म्हणजे सातबाऱ्यावर भाऊजींच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, जागी त्यांच्या वारसांची नावं लागणं. तिच्यामुळे कुणाला मालकी मिळत नाही आणि कुणाची जातही नाही. सीमाने तलाठ्यापुढे ‘मला काही नको’ असा जबाब दिला, तरी तेवढ्याने तिचा हिस्सा संपत नाही. तो संपतो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या हक्कसोडपत्राने. पुढे कधी तिला वाटलं की आपल्याला अंधारात ठेवून सही घेतली, तर दिवाणी दावा लावून फसवणूक किंवा दबाव सहसा तिलाच सिद्ध करावा लागेल, आणि कागद रद्द करून घ्यायला तिला कळल्यापासून तीनच वर्षांची मुदत असेल. ज्या सहीचा परिणाम इतका पक्का, ती सही इतर कागदांच्या गठ्ठ्यात घालून घेणं मला न्यायाचं वाटत नाही.

तिचा हिस्सा कुणाच्या मेहेरबानीचा नाही. भाऊजींनी मृत्युपत्र केलेलं नाही. त्यामुळे त्यांनी स्वतः घेतलेल्या घरात १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ताई, तू आणि सीमा सारखेच वारस आहात. वडिलोपार्जित जमिनीत मात्र मुलीला जन्माने हक्क नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. तरीही त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने येतो, त्यासाठी वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या मात्र कायम राहतात. तुमच्याकडे तशी वाटणी झालेली नाही. एवढी वळणं घेत आलेला कायदा सीमाला माहीत असेल, असं गृहीत कसं धरायचं? जे आपलं आहे हे ठाऊकच नाही, ते सोडलं असं म्हणता येत नाही.

तिच्या लग्नाला खर्च झाला, असं तू म्हणशील. खर्च तुझ्याही शिक्षणाला झाला. तो कुणी तुझ्या हिश्श्यातून वजा करत नाही. जमिनीचे तुकडे होतील, ही भीती अधिक खरी आहे, कारण जिरायतीत लहान तुकडा परवडत नाही हे मला कळतं. पण तुला भाऊ असता तरी हाच प्रश्न आला असता, आणि तेव्हा तू त्याच्याकडे हक्कसोड मागितली नसतीस. शिवाय नाव लागलं म्हणजे लगेच बांध घालावा लागतो असं नाही. जमीन सामाईक ठेवून तूच कसू शकतोस, किंवा तिच्या हिश्श्याची रास्त किंमत देऊन तो घेऊ शकतोस. ‘आईला मी सांभाळणारच आहे’, हेही तू लिहिलंस. तो तुझा चांगुलपणा आहे आणि मुलगा म्हणून कर्तव्यही, पण त्याच्या बदल्यात तिने घरावरचा हक्क का सोडावा? उतारवयात स्वतःच्या नावावर छप्पर असणं ही बाईची फार मोठी सोय असते.

सगळ्यात अवघड मुद्दा तू शेवटी लिहिलास: सीमा स्वतःच म्हणते की मला नको. ते मनापासून असेल तर तिला तसं करण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्यात मी आड येणार नाही. पण हिस्सा घेतला तर माहेर तुटतं, हे मुलींना लहानपणापासून ऐकवलेलं असतं. त्या भीतीने दिलेला होकार आणि विचार करून दिलेला होकार बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून ज्याचा फायदा होणार, त्यानेच पुढाकार घेऊन समोरच्याला सगळं सांगायला हवं. कायद्याची दिशाही हीच आहे: दुसऱ्याच्या इच्छेवर वजन टाकू शकणाऱ्याने उघड अन्यायी व्यवहार केला, तर त्यात दबाव नव्हता हे त्यालाच सिद्ध करायला १८७२ चा करार कायदा लावतो.

तेव्हा आधी वारस नोंद तिघांच्या नावे होऊ दे. सातबारा, आठ-अ आणि घराच्या कागदांच्या प्रती सीमाला पाठव, आजच्या बाजारभावाने तिचा हिस्सा किती होतो तेही लिही. हक्कसोडपत्राचा मसुदा तिने तुझ्या नव्हे, स्वतः निवडलेल्या वकिलाला दाखवावा. माहेरपण तुटणार नाही, हे तिला तू आपल्या तोंडाने सांग, आणि ते तिने सही करण्याच्या आधी सांग. ताईशी मी बोलेन, पण तिचे कागदही तिच्या हाती तूच दे.

तुझी,
मावशी