आरशापुढची घाई

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर मुरुम उठतात, यात नवल नाही. नवल याचे की, ते उठताच घरादाराला आणि पाहुण्यारावळ्यांना वैद्यकी सुचू लागते. करमाडला आमच्या बंधूंच्या घरी हे आम्ही जवळून पाहिले. पुतणी दहावीत होती. लग्नकार्यात भेटेल ती बाई विचारी, “काय गं, तोंडाला काय झालं?” कोणी लिंबू चोळायला सांगे, कोणी टूथपेस्ट. पोरीने आधी फोटोत उभे राहणे सोडले. मग रविवारी गायकवृंदात जाणेही सोडले.

अखेर मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने एका मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणली. डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागितली नाही. चार-पाच दिवसांत लाली उतरली, चेहरा उजळला, वहिनी हरखल्या. ट्यूब संपली आणि आठवड्याभरात दुप्पट पुटकुळ्या आल्या. उन्हात गेले की आग होई, गालांवर तांबड्या बारीक शिरा दिसू लागल्या. म्हणून पुन्हा ट्यूब. बंधू तिला शहरात घाटी रुग्णालयात घेऊन गेले, तेव्हा डॉक्टरांनी चेहऱ्याआधी ट्यूबच पाहायला मागितली. तिच्यावर बारीक अक्षरांत बीटामेथासोन असे छापलेले होते. हे स्टेरॉइड होय. ते सूज दाबते, म्हणून गुण आल्यासारखे वाटते. पण लावत राहिल्यास त्वचा पातळ होते आणि नवे मुरुम उठतात.

ही एका घराची गोष्ट नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या विकारांचे २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतील ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांच्यात सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम मुरुमांचाच होता. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम झाला, गल्ल्यावरची सवय मात्र सावकाश मोडते.

मुरुम अस्वच्छतेने येत नाहीत, हे आईबापांनी ध्यानी घ्यावे. या वयात शरीरातील संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक स्रवतात, रंध्रांची तोंडे बुजतात, आत जंतू वाढतात. घासून घासून तोंड धुण्याने दाह वाढतो. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुणे पुरे. पुटकुळी फोडू नये, व्रण राहतो. आमच्याकडे डोक्यावर तेल थापून ते कपाळावर ओघळू देण्याची चाल आहे, तीही कपाळाच्या मुरुमांना पोसते.

औषधे आहेत, परंतु ती संथ आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा रात्री लावायचे अडापॅलिन यांचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे, कधी तीन महिने लागतात. आरंभी त्वचा कोरडी पडते, सोलते. तेथेच बहुतेकांचा धीर सुटतो. हट्टी, व्रण पाडणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात. त्या गर्भाला घातक आहेत, म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून घेऊच नयेत.

पुतणीची ट्यूब बंद झाल्यावर पहिला महिना फार कठीण गेला. ती दुपट्ट्याने तोंड झाकून शाळेत जाई. पुढे हळूहळू चेहरा निवळला. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, हे मात्र वहिनींना कोणी सांगितले नव्हते. उशीचे दोन नवे अभ्रे पांढऱ्या डागांनी भरले आहेत आणि अजून तेच वापरात आहेत.