शिवळ, जू, ते

आधी शिवळ जाते. बैलाची मान जागेवर राहावी म्हणून जुवात अडकवायची ती खुंटी. मग जू जातं. त्याला 'लाकूड' म्हणतात, पुढे नुसतं 'ते'. शेवटी जू समोर ठेवलं तरी आजोबा विचारतात, "जू म्हंजे काय?" काल काय जेवले ते त्यांना नीट सांगता येतं, पनवेलचा रस्ताही चुकत नाही.

या आजाराचं नाव प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया. डॉ. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ साली असे सहा रुग्ण नोंदवले. २०११ साली त्याचे तीन प्रकार ठरले. शब्दाचा अर्थच जातो तेव्हा एमआरआयवर डाव्या कानशिलाआतला मेंदूचा पुढचा भाग आक्रसलेला दिसतो. वाक्याची बांधणी मोडते तेव्हा झीज डाव्या कपाळामागे असते. शब्द जिभेवर येऊन अडतो, तेव्हा डाव्या कानाच्या वर, मागच्या अंगाला.

पेट स्कॅनमध्ये मेंदू कुठे साखर कमी वापरतोय ते दिसतं.  

नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यात आमचं ओवे गावही आलं. भातखाचरं गेली, खळं गेलं. इरलं, कणगा, नांगर. आता पलीकडे पेंधरपर्यंत मेट्रो येते. वस्तू आधी गेल्या, त्यांची नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिली.

आणि कुठले शब्द गेले ते तपासायला काय दाखवायचं? जगभर वापरली जाणारी बोस्टनची चाचणी ६० चित्रांची. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी. त्यात बीव्हर आहे, इग्लू आहे. ओव्याच्या आजीला बीव्हर ओळखता आला नाही तर तिच्या मेंदूला काय दोष द्यायचा? गंमत म्हणजे त्यात जूही आहे, पण पार शेवटाकडे, अवघड म्हणून. आमच्याकडे तेच पहिलं विचारायला हवं.

झीज किती आणि कुठे, ते यंत्र दाखवतं. आधी शिवळ गेली की जू, हे घरच्यांनाच ठाऊक. रिपोर्टांच्या पिशवीत एक वहीही ठेवा. कुठला शब्द कधी गेला, तारखेसह लिहा, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत ती पुढे करा.