स्कोर काय झाला?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय क्रिकेटचा आहे, पण घाबरू नका, कुठल्या मॅचचं समालोचन करणार नाही. ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. माझा प्रश्न खेळाचा नाहीच, खेळ पाहणाऱ्यांचा आहे. एकाच घरात, एकाच रेडिओसमोर वाढलेल्या दोन भावंडांपैकी एकाचं वेड साफ सुटतं आणि दुसऱ्याचं सत्तरी उलटली तरी सुटत नाही, हे कसं?

ती दोन भावंडं म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ.

आमचं कारधा वैनगंगेच्या काठावर. पूल ओलांडला की भंडारा. पावसाळ्यात इथे जो तो एकच आकडा विचारतो, पुलापाशी पाणी किती चढलं? पाऊस सरला की आमच्या घरात दुसरा आकडा सुरू व्हायचा, स्कोर काय झाला? वडील शेतातून आले की हातपाय धुण्याआधी हे विचारत. उत्तर द्यायचं काम आम्हा दोघांचं. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आवाज थोडा वाढवा रे." तिला नियम माहीत नव्हते, पण ती भाषा आवडायची.

ऑक्टोबर १९६९ मध्ये नागपूरला पहिली कसोटी झाली, न्यूझीलंडविरुद्ध. काका भावाला एस.टी.नं घेऊन गेले. मुलींना कोण नेतो! मी घरी रेडिओला कान लावून. भारत १६७ धावांनी हरला, पण भाऊ परत आला तो जिंकल्यासारखा. पुढे १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोघांनाही त्यांच्याच घरी हरवलं, तेव्हा त्यानं पेपरातली कात्रणं चिकटवायला एक जाड वही केली. डिंक मीच करून द्यायची.

माझा नंबर लागला तो थेट ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी. वर्ल्ड कपची मॅच, नागपूरचं सिव्हिल लाइन्सचं मैदान, पुन्हा न्यूझीलंडच. तोवर मी शिक्षिका झाले होते, स्वतःच्या पगारातून दोघांची तिकिटं काढली. चेतन शर्मानं सलग तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. वर्ल्ड कपमधली ती पहिलीच हॅटट्रिक. मग गावसकरांनी नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक. परतताना बसमध्ये आम्ही दोघं एवढं बोललो की कंडक्टर म्हणाला, बाई, जरा श्वास घ्या.

आणि मग २००० साल आलं.

एप्रिल महिन्यात दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएच्या टेलिफोन संभाषणाचं प्रकरण बाहेर काढलं. आधी नाही नाही म्हणता म्हणता त्यानं पैसे घेतल्याचं कबूल केलं. चौकशा झाल्या, बंदी आली, आपल्याकडची मोठी नावं त्यात निघाली. भावानं आरडाओरडा केला नाही. एक दिवस ती वही रद्दीत दिली. मला कळलं तेव्हा रद्दीवाला कधीच निघून गेला होता. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, पेपर आधीच फुटला असंन, त परीक्षा कायले पाह्याची?"

मी मास्तरीण. म्हटलं, एका परीक्षेत कॉपी सापडली म्हणून आपण शाळा बंद करत नाही. त्यावर तो म्हणाला, "शाळा चालू राहू द्या ना. मी नाई येत एवढंच."

तेव्हापासून तो क्रिकेट बघत नाही. २०११ चा वर्ल्ड कप आपण जिंकलो, अख्खं भंडारा रस्त्यावर आलं होतं, हा दार लावून झोपला. तसं भांडण कधी झालं नाही. पण भेटलं की बोलायचं काय, हा प्रश्न पडू लागला. तब्येत, पाऊस, धानाचा भाव, मुलांची खुशाली... दहा मिनिटांत संपायचं. आधी आम्हाला अख्खी दुपार पुरत नसे.

मी इतकी वर्षं विचार केला आहे की माणसं खेळापासून दुरावतात का. लोक म्हणतात, पैसा आला आणि खेळ बिघडला. २००८ मध्ये आयपीएल आली, खेळाडूंचे लिलाव होऊ लागले, तेव्हा आमच्या शाळेतल्या निम्म्या सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. मलाही ज्याच्या त्याच्या अंगावर दरवर्षी वेगळा रंग बघून कोण आपला हे कळेनासं झालं. शिवाय खेळ बारा महिने. सणाची गोडी तो वर्षातून एकदा येतो म्हणून असते, रोज पुरणपोळी केली तर कोण खाईल? नागपूरचं मैदानही दूर गेलं. २००८ पासून कसोट्या वर्धा रोडवरच्या जामठ्याला. आम्हा भंडाऱ्याकडच्यांना अख्खं नागपूर ओलांडून जावं लागतं.

ही सगळी कारणं खरीच आहेत, पण त्यांनी माणूस कंटाळतो. कंटाळलेला माणूस परत येतो. फसवला गेलेला येत नाही. माझ्या भावाला खेळाडूंच्या पैशाचा राग कधीच नव्हता. जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं होतं की नव्हतं, या शंकेनं त्याचं मागचं सगळं पाहणंही नासवून टाकलं.

माझी भाची शिकागोला असते. तिच्याकडून बेसबॉलच्या गोष्टी कळतात. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिकडच्या खेळाडूंनी पगाराच्या वादातून संप केला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. चिडलेले प्रेक्षक पुढच्या वर्षी मोठ्या संख्येनं आलेच नाहीत. त्यांना थोडंफार परत आणण्याचं श्रेय कॅल रिपकेन नावाच्या खेळाडूला देतात. सप्टेंबर १९९५ मध्ये तो सलग २१३१ वा सामना खेळला, एकही न चुकवता. मला हे फार पटलं. बुडालेला विश्वास भाषणांनी परत येत नाही, रोज हजेरी लावणाऱ्या माणसामुळे येतो.

दुसरी गोष्ट शिकागोच्या कब्ज संघाची. १९०८ नंतर त्यांना वर्ल्ड सिरीज जिंकायला २०१६ साल उजाडावं लागलं. मधे १०८ वर्षं! त्या वेळी लोकांनी रिग्ली फील्ड या त्यांच्या मैदानाच्या बाहेरच्या भिंतींवर खडूनं नावं लिहिली. कोणाची? तर संघाची वाट पाहत गेलेल्या आपल्या वडिलांची, आजी-आजोबांची. भाचीनं फोटो पाठवले. खडू हा माझ्या रोजच्या हातातला, त्यामुळे ते फोटो मी खूप वेळ बघत बसले.

आमच्या विदर्भाचीही गोष्ट जवळपास तशीच आहे. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा संघ, पण साठ वर्षं चषक नाही. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा जिंकला. त्याआधीची कर्नाटकाविरुद्धची उपांत्य फेरी अवघ्या पाच धावांनी. रजनीश गुरबानीनं तिथे दुसऱ्या डावात सात बळी घेतले आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि वसीम जाफर मुंबईचे, पण कर्णधार फैज फजल आपला. लगेच पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्रला हरवून पुन्हा चषक. आदित्य सरवटेनं चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत एक आणि शून्यावर बाद केलं. मी भावाला फोन केला. तो "बरं झालं" म्हणाला आणि पाण्याच्या मोटरीबद्दल बोलू लागला.

२०२४ मध्ये भावाला अर्धांगवायूचा झटका आला. आता तो भंडाऱ्याला मुलाकडे असतो. मी एक दिवसाआड पूल ओलांडून जाते. बोलणं त्याचं अडखळतं, त्यामुळे आमची ती दहा मिनिटंही उरली नव्हती. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी जामठ्याला विदर्भ-केरळ अंतिम सामना सुरू झाला. त्या पाच दिवसांत मी रोज गेले आणि त्याला न विचारताच मोबाईलवरचा स्कोर मोठ्यानं वाचत बसले. दानिश मालेवार १५३. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद. विदर्भाला पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. चौथ्या दिवशी करुण नायरचं शतक वाचलं आणि थांबले. तिकडून हळूच आवाज आला, "हा... कुठला?"

मी म्हटलं, कर्नाटकचा, आता आपल्याकडून खेळतो. मग त्यानं मालेवारचं विचारलं. नागपूरचा म्हटल्यावर मान हलवली. मग हर्ष दुबेनं एका मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केल्याचं सांगितलं, त्यावर थोडं हसल्यासारखं वाटलं. २ मार्चला सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावाच्या आघाडीवर चषक विदर्भाला मिळाला, एवढं सगळं सांगून होईपर्यंत पाऊण तास गेला होता.

त्याचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. भारताची मॅच लागली की तो आजही टीव्ही बंद करायला सांगतो आणि त्याचा तो हक्क आहे. पण रणजीचा मोसम असला की सून सांगते, तुम्ही यायच्या दिवशी मामंजी सकाळपासून घड्याळाकडे बघतात.

मला वाटतं, खेळावरचा विश्वास एकदा गेला की तो कोणी परत देऊ शकत नाही, बोर्ड नाही, पोलीस नाहीत, कोर्ट नाही. आवड मात्र वेगळी चीज आहे. स्कोर विचारणारं कोणी आणि सांगणारं कोणी, अशी दोन माणसं असली की ती कुठेतरी टिकून राहते. आमच्या घरी विचारणारे वडील गेले, आवाज वाढवायला सांगणारी आईही गेली. आता आम्ही दोघंच आहोत.

असो. फार लिहिलं. तुमच्यापैकी कोणी खेळ बघणं सोडलं असेल तर कधी आणि कशामुळे, ते जरूर कळवा. भावाला वाचून दाखवीन.